जीप किती उंच करायची

दादाने जीप घ्यायची ठरवली तेव्हा आईने एकच अट घातली. "धाकट्याला बरोबर नेणार असशील तर घे. नाहीतर ते धूड सोसायटीत आणू नकोस."

धाकटा म्हणजे मी. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून माझ्या डाव्या पायाला कॅलिपर आहे, पाय ताठ धरणारा लोखंडी पट्ट्यांचा आधार. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि दादा पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. आम्ही नेरूळला राहायचो. नव्वदीतलं नेरूळ म्हणजे एका बाजूला नव्याकोऱ्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला छातीएवढं गवत. दादाने आईची अट लगेच कबूल केली आणि लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घरी आणली.

सुरुवातीचे महिने त्याने शब्द पाळला. दर रविवारी आम्ही चौघं निघायचो. दादा, मी आणि त्याचे दोन मित्र. त्यातल्या एकाच्या वडिलांचा एपीएमसी मार्केटमध्ये कांद्याचा गाळा होता. दुसरा खाडीकाठच्या गावातला, मूळचा इथलाच. पनवेलच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आम्ही डोंगराकडे वळायचो आणि ओढ्यातून, दगडातून जीप वर चढवायचो. मी पुढच्या सीटवर असायचो. बसायची माझी एक रीत होती. सीटला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही हातांच्या जोरावर अंग वर उचलायचं, बूड टेकलं की कॅलिपरचा पाय हाताने आत ओढून घ्यायचा. मदत लागत नसे. मला त्याचा गर्व होता. जीप उसळली की मी जोरात हसायचो. आख्ख्या आठवड्यात माझ्या शरीराने केलेली धावपळ म्हणजे तेवढीच.

मग एका रविवारी ओढ्याच्या मधोमध जीपचं पोट एका खडकावर टेकलं आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. सगळे खाली उतरून धक्का मारायला लागले. मी बसूनच.

गावातला मित्र म्हणाला, "याला उतरव ना. फुकटचं वजन हाय."

दादाने मला काखेत धरून उचललं आणि काठावरच्या दगडावर नेऊन ठेवलं. जीप निघाली, पण पलीकडची चढण इतकी अरुंद होती की वर गेल्यावर लवकर परत फिरता येणार नव्हतं. मला दगडावर किती वेळ बसवून ठेवणार? शेवटी सगळे मागे फिरले.  परतताना कळंबोलीच्या नाक्यावर ट्रकांच्या गर्दीत अडकलो तेव्हा कांदेवाल्याने विषय काढला.

"जीप उचलून घेऊया का? खालचे स्प्रिंगचे पाटे बदलून उंच टाकले की पोट टेकायचं टेन्शन नाही."

 दादा आरशात बघत राहिला. मग म्हणाला, "उचलली तर बसायचं कसं?"

"आपल्याला काय, उडी मारून बसू."

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. पण तो प्रश्न माझ्यासाठीच होता हे मला कळलं, आणि मला बरं वाटलं. वाटलं, याला माझी काळजी आहे.

पुढचे दोन-तीन आठवडे घरात तोच विषय. उचलावी की नको. बाबा म्हणाले, आहे ती काय वाईट आहे. आईने विचारलं, "मग हा कसा चढणार?" दादा म्हणाला, "त्यालाच घेऊन जातो ना मिस्त्रीकडे. त्याला चढता येईल एवढीच उचलू." आई खूश झाली. मीही.

मिस्त्रीचं गॅरेज कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या मागे होतं. मे महिना, भर दुपार. पत्र्याच्या शेडखाली सुद्धा घामाच्या धारा लागलेल्या. आजूबाजूला माल उतरायची वाट बघणारे ट्रक, आणि त्यांच्या सावलीत बनियनवर पडलेले ड्रायव्हर. मिस्त्रीने जॅक लावून जीप वर घेतली आणि चारी चाकांखाली एकेक जाड फळी सरकवली. म्हणाला, पाटे बदलल्यावर गाडी साधारण एवढी दिसेल, बघून घ्या.

"चढ," दादा म्हणाला.

मी पाठ लावली, हात टेकले, चढलो. सोपं होतं.

"अजून एक."

दुसरी फळी सरकवली. यावेळी हात ताणावे लागले, पण चढलो. पडलेले ड्रायव्हर उठून बसले. त्यातल्या एकाने शिट्टी वाजवली. कांदेवाला म्हणाला, "अरे वा! पुढची चढलास तर उसाचा रस माझ्यातर्फे."

मिस्त्री जीपखाली वाकून बघत होता. तो म्हणाला, "बस, साब. इतना काफी है. अब पत्थर नहीं लगेगा."

म्हणजे काम झालं होतं. पोट टेकणार नव्हतं आणि मलाही चढता येत होतं. मी सीटवर बसून दादाकडे बघितलं. मला वाटलं होतं, तो हसेल.

त्याचा चेहरा पडला होता.

तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. परीक्षेत ज्याने नापास व्हावं असं मनात असतं तोच पास झाल्यावर होतो, तसं काहीतरी होतं त्यात. क्षणभरच. मग तो मिस्त्रीकडे वळून म्हणाला, "अजून एक फळी टाका."

"जरूरत नहीं है, साब. गाडी डोलेगी."

"टाका म्हटलं ना."

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की मला नाही चढायचं. पण शेडखालचे सगळे बघत होते. आणि मला अजूनही, वेड्यासारखं, वाटत होतं की ही फळीसुद्धा चढलो तर तो हरेल.

तिसऱ्या फळीनंतर सीट माझ्या कमरेच्या वर गेली होती. मी हात मागे टेकले. खांदे कानाला लागेपर्यंत जोर काढला. बूड सीटच्या कडेला लागलं, घसरलं. पुन्हा.

"अरे, झालं झालं, थोडंच राहिलं," कोणीतरी ओरडलं.

"जोर लगा के!" ट्रकवाल्यांनी टाळ्यांचा ताल धरला. गावातला मित्र हसत हसत म्हणाला, "मागून कोनीतरी धक्का द्या रं."

तिसऱ्या वेळी गुडघ्याजवळचं कॅलिपरचं कुलूप सुटलं, पाय दुमडला आणि मी बाजूला कोसळलो. हनुवटी पुढच्या चाकावरच्या मडगार्डवर आपटली. टाळ्या थांबल्या. एका ड्रायव्हरने पाण्याची बाटली पुढे केली. दादा जागचा हलला नाही. मी कॅलिपर सरळ करून, कुलूप लावून, मडगार्डला धरून उभा राहीपर्यंत तो थांबला. मग मिस्त्रीला म्हणाला, "एवढीच ठेवा."

जीप तिथेच सोडून आम्ही बसने परत आलो. नाक्यावर दादाने मला उसाचा रस पाजला. स्वतः. लिंबू जास्त घालायला सांगितलं, कारण मला तसा आवडतो.

घरी आईने हनुवटी बघितली. "हे काय?"

"मी जबरदस्ती नाही केली," दादा म्हणाला. "त्यालाच विचार. चढून बघितलं त्याने. नाही जमत. मी काय करू?"

आई माझ्याकडे बघत होती. मी खरं सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? की मला दुसरी फळी जमली होती? तिला फळीचं काय कळणार होतं. मी म्हटलं, "जाऊ दे गं. तसाही मला कंटाळाच येतो तिकडे."

तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. हळद लावली आणि म्हणाली, "बरं झालं बाई. रविवारी मेला जिवाला घोर लागायचा." बाबा म्हणाले, अभ्यास तरी होईल.

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी ती उंच जीप आमच्या खिडकीखालून जायची. तिघं खरोखरच उडी मारून बसायचे. अपघात वगैरे काही झाला नाही. मी वाट बघायचो, पण नाही झाला. घरात पाहुणे आले की आई सांगायची, "याला नाही आवडत ते धडाधडा जाणं."

मग दादाचं लग्न झालं. वहिनी पुण्याच्या. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं बाहेर निघाली तेव्हा वहिनी साडी सावरत जीपपाशी उभ्या राहिल्या आणि वर बघून म्हणाल्या, "यात? मी नाही बसणार." दादा वॉचमनचं स्टूल घेऊन आला. गॅलऱ्यांतून बायका बघत होत्या. वहिनी सरळ जिना चढून घरी आल्या.

त्याच आठवड्यात दादा कळंबोलीला जाऊन जुने पाटे बसवून आला.

रात्री जेवताना म्हणाला, "उगाच उचलली होती. किती गैरसोय."

"मी तर तेव्हाच म्हणत होते," आई म्हणाली.

वहिनींना काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही पण चला की रविवारी. माझ्या मावशीकडे जाणार आहोत, पनवेलला."

"त्याला नाही आवडत जीप," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "आवडते."



"मग तेव्हा का नाही बोललास?" दादाने विचारलं.

"दुसऱ्या फळीला मी चढलो होतो. तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी."

"कसली फळी?" वहिनी म्हणाल्या.

दादा भातावर आमटी ओतत होता. "काय माहीत. काहीतरी बोलतो. मला तर काही आठवत नाही," तो म्हणाला आणि आईकडे लोणचं मागितलं.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्यांच्या आधी खाली उतरून गेटपाशी उभा राहिलो. थोड्या वेळाने जीप सुरू झाल्याचा आवाज आला. आता तिची सीट माझ्या ओळखीच्या उंचीवर होती. वहिनींनी मला बघून हात वर केला आणि दादाला काहीतरी म्हणाल्या. जीप माझ्याजवळ आल्यावर थोडी हळू झाली. मी एक पाऊल पुढे टाकलं.

"त्याला कुठेतरी जायचं असेल," दादाचा आवाज आला, आणि त्याने गिअर बदलला. वहिनी वळून मागे बघत राहिल्या, वळणापर्यंत.

वॉचमन माझ्याकडे बघत होता, म्हणून मी खरंच कुठेतरी जायला निघालो. बस पकडून वाशीला कॉलेजच्या एका मित्राकडे गेलो. त्यांच्याकडे बांगडे तळत होते. त्याच्या आईने न विचारता माझंही ताट घेतलं, आणि मी पोटभर जेवलो.