हळदीकुंकवात झाल्या एकवीस सह्या!

मंडळी, आज इथे आखातात, रोल्ला भागातल्या आमच्या घरी माझ्या सुनेचं हळदीकुंकू होतं. मी वाणाआधी अर्जच पुढे केला!

आमच्या निसर्गोपचाराच्या डॉक्टरीणबाई माझ्या गुडघ्यांना मातीचा लेप लावतात. पण इथल्या कायद्याने त्यांना साधी रक्ततपासणीही लिहून देता येत नाही. त्यासाठी मी दुसऱ्या दवाखान्यात ताटकळायचं! ती परवानगी त्यांना मिळावी, म्हणून सरकारला हा अर्ज.

शेजारची मीनलही गुडघ्यासाठी त्यांच्याकडेच जाते. ती म्हणाली, “आजी, ह्यांना विचारून सही करते.”

म्हटलं, “गुडघा तुझा दुखतो की ह्यांचा? यल्ला, चल, पेन धर!”

तिने केली, मग सगळ्याच सरसावल्या. एकवीस सह्या!

शनिवारी अर्ज जाणार. वाणाच्या सहा वाट्या उरल्यात, शुक्रवारी सही करायला कोण कोण येताय? ह्यांनाही आणा. हळदीकुंकू नसलं तरी गुडघे त्यांनाही आहेतच की!