चिनी मातीच्या लक्ष्मीचं बोट

चाळीसगावात पितांबरनानांचं कपबश्यांचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं, पंखे दुरुस्तीचं. नाना प्रत्येक कपाला नखाने टिचकी मारतात, कान देऊन आवाज ऐकतात आणि मगच तो गिऱ्हाइकाच्या हाती देतात. हाताला खोडच लागलीय. एकदा बोलण्याच्या भरात माझ्या टकलालाही मारली होती.

माणूस साधा, पण वेड राजेशाही. जुन्या चिनी मातीच्या विलायती बाहुल्या जमवायच्या. मुंबईत लिलाव निघाला की नाना गाडी धरणार, बड्या व्यापाऱ्यांच्या मागे शेवटच्या खुर्चीवर बसणार आणि बहुतेक वेळा हात वर न करताच परत येणार. तरी दुकानातलं एक काचेचं कपाट भरलं. मेंढीवाली पोर, छत्रीवाली मडम, झोपलेलं कुत्रं. नानांच्या पत्नी प्रमिलाबाई त्या कपाटाला 'माझ्या सवती' म्हणायच्या.

तीन वर्षांपूर्वी एका लिलावात लक्ष्मी निघाली. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत, खास आपल्याकडच्या घरांसाठी घडवलेली. गुलाबी लुगडं, हातात कमळ आणि डोळे मात्र निळे. अशी मूर्ती नानांनी जन्मात पाहिली नव्हती. उजव्या हाताचं एक बोट तुटलेलं, म्हणून व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि ती नानांच्या पदरात पडली. दुकानात बसून नानांनी भेगा बुजवायच्या लांबीचं नवं बोट घडवलं, रंगवलं, चिकटवलं. हे फक्त मला ठाऊक, कारण दिवा मी धरला होता.

घरी बोलणी बसू नयेत म्हणून नाना बायकोला म्हणाले, "बाहुली नही, तुन्हासाठे लक्ष्मी लई वनू." तिथेच त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

बाईंनी तिला थेट देव्हाऱ्यात बसवलं. रोज दुधापाण्याने आंघोळ, हळदकुंकू. मुलगी दिपमाला हिच्या लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. त्याचं गाऱ्हाणं रोज या लक्ष्मीपुढे. नाना आतल्या आत जळायचे, पण देव्हाऱ्यातला देव कपाटासाठी मागणार कसा? यंदा दिपमालाला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती माहेरी आली आणि त्याच आठवड्यात आंघोळ घालताना लक्ष्मीचं बोट ताम्हनात गळून पडलं.

बाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. "खंडित मूर्ती घरमा ठेवतस का? पोर पोटुशी शे." आजच्या आज गिरणा नदीत सोडून या, म्हणाल्या.

मला संताप आला. नानांना बाजूला घेऊन म्हटलं, "सांगी द्या ना सरळ. ती पहिलेपासूनच खंडित व्हती. तरी पोरले दिन गयात ना?"

"आनि बाळंतपणमा काही कमीजास्त व्हयनं, ते? मी खंडित देव पुजा म्हनीसन व्हयनं, आसं ती जनमभर म्हनी." मग खाली बघत म्हणाले, "माले बी भ्याव वाटस रे."

मी पंखे दुरुस्त करतो. या भीतीवर माझ्याकडे इलाज नव्हता.

गिरणाकाठच्या मेहुणबाऱ्याला माझ्या मोटारसायकलवर गेलो. मागे नाना, मांडीवर लाल फडक्यात लक्ष्मी. खड्डा आला की म्हणायचे, "हळू चालाव, फुटी जाई."

गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी फडकं सोडलं, नखाने टिचकी मारली, कान लावला. आवाज खणखणीत आला. बोट सोडलं तर तिला कुठे काही झालं नव्हतं. मला रडू फुटलं, सांगायला लाज कसली. नानांनी वाकून दोन्ही हातांनी, पोर झोपवावं तसं तिला पाण्याखाली ठेवलं आणि बराच वेळ हात काढलेच नाहीत.

घरी आलो तर देव्हाऱ्यातली तिची जागा बाईंनी पुसून ठेवली होती. नानांना पाय धुवायला गरम पाणी दिलं. शेजारी बसून मायेने म्हणाल्या, "वाईट वाटी लेऊ नका. अशीच दुसरी लई या. पन या टाइमले बठ्ठा बोटं मोजी ल्या."

नाना "बरं" म्हणाले.