विचारल्याशिवाय प्रार्थना नाही

व्हर्लिन टोस्ट्रुड इतका सनातनी, की पेट्रोल पंपावरचा डोनटसुद्धा डोळे मिटून देवाचे आभार मानल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून दमायचे. चर्चमध्ये गिटार आणायची टूम निघाली, तेव्हा त्यानं एकट्यानं खिंड लढवली. गिटारवाला शेवटी कंटाळून पलीकडच्या मेथडिस्ट चर्चात गेला. मत कायम रिपब्लिकनांना. पक्षाच्या काउंटी, म्हणजे जिल्हा, समितीतली बापाची जागा त्याच्याकडे आली होती, आणि बापाच्या घड्याळापेक्षा तो तिला जास्त जपायचा.

आमच्या आयोवात अशी माणसं मक्यासारखी उगवतात. पण बायको गेल्यावर बायकोचं काम पुढे चालवणारा मात्र हा एकटाच.

काम म्हणजे प्रार्थनेची साखळी. कुणी आजारी पडलं, कुणाचं काही अडलं, की पहिला फोन व्हर्लिनला. त्यानं मार्डेल फ्रेरिख्सला सांगायचं, तिनं पुढच्या घरी. कॉफी निवायच्या आत आमच्या चर्चचे सगळे ल्यूथरन देवाच्या मागे लागलेले. जाता जाता बातमीही गावभर व्हायची, पण तो काही आमचा हेतू नव्हे!

साखळीचा नियम व्हर्लिनच्या बायकोनं, आर्डिसनं घातलेला: ज्याच्यासाठी प्रार्थना, त्याला आधी विचारायचं. एकदा कुणाचा तरी संसार सावरावा म्हणून साखळी फिरली आणि संसार मोडायला आलाय हे त्या बिचाऱ्या नवऱ्याला तिथूनच कळलं. तेव्हापासूनचा हा नियम.

निवडणूक तोंडावर आली आणि ऑर्लो ब्रुन्स व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. ऑर्लो म्हणजे समितीचा अध्यक्ष आणि पत्त्यांतला जुना भिडू.

"साखळी फिरव," तो म्हणाला. "काउंटीच्या मंडळावर मार्डेल निवडून येऊ नये म्हणून."

मार्डेल डेमोक्रॅट, चर्चमध्ये मात्र व्हर्लिनच्याच मागच्या बाकावर बसणारी.

"फिरवतो की. तिला विचारलंस?"

"कुणाला?"

"मार्डेलला. प्रार्थना तिच्याबद्दल ना?"

"डोकं फिरलंय का तुझं? तू पडावीस म्हणून देवाला साकडं घालू का, असं तिलाच विचारू?"

"नियम आहे, ऑर्लो."

"अरे, देश चाललाय खड्ड्यात आणि तू नियम कसले सांगतोस! मवाळ झालायस तू. आपला आहेस की त्यांचा, ते एकदा सांगून टाक. सोमवारी समिती हेच विचारणार आहे."

व्हर्लिननं कप विसळला. "गिटार नको म्हटलं ते जुनं टिकावं म्हणून. आता हेही जुनंच आहे. मग मी मवाळ कसा?"

ऑर्लो गेल्यावर तो बराच वेळ फोनकडे बघत बसला. समितीतली बापाची खुर्ची डोळ्यांसमोरून हलेना. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. पण आलेली विनंती दडपायची नाही, हाही आर्डिसचाच नियम. शेवटी त्यानं फोन लावला.

मार्डेल इतकी हसली की तिला ठसका लागला. "अरे, करू दे की! माझी हरकत नाही. फक्त त्यानं स्वतः मला सांगावं, स्वतःच्या तोंडानं. आणि हरायचंच असेल तर माझ्या दुखऱ्या गुडघ्याचंही देवाला बघ म्हणावं, एकाच फेरीत दोन्ही कामं होतील."

व्हर्लिननं निरोप पोचवला. ऑर्लोनं तिला फोन काही केला नाही. सोमवारी समितीनं व्हर्लिनची जागा काढून घेतली आणि ठराव मांडला ऑर्लोनंच. व्हर्लिन उठला, टोपी हातात घेतली, आणि त्याही दिवशी निघण्याआधीची प्रार्थना त्यानंच म्हटली, कारण दुसऱ्या कुणाला ती पाठ नव्हती.

पत्ते बंद झाले. जागा गेल्याचं त्याला फार लागलं. बापाच्या थडग्याकडे तो महिनाभर फिरकला नाही.

मार्डेल थोडक्यात हरली.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी फोन वाजला. ऑर्लोचा आवाज ओळखू येईना. त्याच्या बायकोच्या छातीत गाठ निघाली होती.

"तिला विचारलंस?" व्हर्लिननं हळूच विचारलं.

"विचारलं. हो म्हणाली." मग तो चाचरत म्हणाला, "पुढचा फोन... अजून मार्डेललाच जातो?"

"तिलाच."

"सांग तिला." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "नाही, थांब. मीच सांगतो."

संध्याकाळी मार्डेल ऑर्लोकडे द्यायला रश्श्याचं भांडं घेऊन निघाली. वाटेत व्हर्लिनच्या दाराशी थांबली. त्याच्या अंगणात तिच्या विरोधकाची प्रचाराची पाटी अजून बर्फात उभी होती.

"ही काढ आता मेल्या," ती म्हणाली. "जिंकला ना तुमचा?"

"जमीन गोठलीय, निघत नाही," व्हर्लिन म्हणाला, आणि भांडं तिच्या हातातून घेऊन तिच्या गुडघ्याच्या चालीनं तिच्याबरोबर चालू लागला.