मालखाझची खुंटी

मायलिस दुबर्गेला कुणी विचारलं, की हे काम आवडतं का, तर ती म्हणायची, "धुणं कुणाला आवडतं?" आणि मशीनचं झाकण आपटायची. फ्रान्सच्या दक्षिणेत, आदूर नदीकाठच्या त्या गावात रग्बीचा एक क्लब होता, त्याचं लहानसं स्टेडियम होतं आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली तिची धुण्याची खोली. लग्न करून आली तेव्हा हे काम सासूकडे होतं, सासूचे गुडघे गेले तेव्हा तिच्याकडे आलं. नवरा फिर्मां क्लबासाठी दोनदा नाक मोडून घेईपर्यंत खेळला, मग ट्रकवर गेला आणि एका रविवारी सूप पिता पिता बसल्या जागी संपला. मूलबाळ नव्हतं. तिची सगळी माया चिखलानं माखलेल्या त्या दांडग्या पुरुषांवर, आणि ती माया ती शिव्यांतूनच दाखवायची.

सासूकडून धुण्याबरोबर एक रीतही आली होती. खेळाडूंच्या खोलीत प्रत्येकाची खुंटी ठरलेली, आणि सामन्याच्या दिवशी त्या खुंटीवर त्याच्या नावाची सरावाची जर्सी टांगायची. पण ज्याला देशाच्या संघातून बोलावणं आलं आणि जो त्या दिवशी दुसरीकडे खेळतोय, त्याची खुंटी रिकामी ठेवायची. जर्सी नाही, टॉवेल नाही, खाली बूटसुद्धा नाहीत. मायलिसनं एकदा कारण विचारलं होतं. सासू म्हणाली, "माणसानं एका वेळी एकाच मैदानावर असावं," आणि मोज्यांच्या जोड्या लावायला लागली. गावात तरी याला कोण हसणार? तिथं बायका पावाची लादी उलटी पडली तर लगेच सुलटी करतात.

त्या हिवाळ्यात क्लब तळाला गेला होता. खालच्या गटात ढकलले गेलो तर सरावाचा कोचसुद्धा परवडणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. जे काही टिकून होतं ते मालखाझच्या जिवावर. हा जॉर्जियाचा. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी घालून एकमेकांना रेटतात, तिथला पुढच्या फळीतला उजवा खांब. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये असा माणूस, पण धुण्याच्या खोलीच्या दारात अंग चोरून उभा राहायचा. "मादाम, आत येऊ?"

"बूट काढून ये. आणि त्या पेटीवर बसू नकोस, मागच्यानं मोडली."

तो द्राक्षाच्या रसात बुडवलेल्या अक्रोडाच्या माळा घेऊन यायचा, ती त्याला बदकाचं मांस घातलेलं घट्ट सूप द्यायची. बोलणं फारसं नाहीच.

फेब्रुवारीत जॉर्जियाचं बोलावणं आलं आणि नेमका त्याच शनिवारी क्लबाचा घरच्या मैदानावर सामना. अध्यक्ष लिओनेल काझोबों धावत आला. हा सिमेंटचा धंदा करणारा माणूस. मायलिसनं त्याला लहानपणी चड्डीत पाहिलेला.

"पोटरी दुखतेय म्हणून कळव," तो मालखाझला म्हणाला. "डॉक्टर आपलाच आहे."

"नाही दुखत, अध्यक्ष."

"अरे, मी कुठं म्हणतो दुखतेय? कळव म्हणतो."

"तिकडे माझी आजी टीव्हीसमोर बसते," मालखाझ म्हणाला. "ती माझं चालणं ओळखते."

तो गेला. नियम त्याच्या बाजूचा होता, लिओनेलला अडवता आलं नाही.

त्या शनिवारी मायलिस टॉवेल घेऊन खेळाडूंच्या खोलीत शिरली, तर मालखाझच्या खुंटीवर त्याची जर्सी. लिओनेल शेजारीच उभा. "राहू दे गं. पोरांना वाटू दे, तो इथंच आहे. जरा धीर येतो."

"काढ ती."

"तुझ्या सासूच्या गोष्टी मला नको सांगूस. जिंकायचंय ना तुला? की नकोय?"

जिंकायचं होतं. तिच्या हातात टॉवेलांची चळत होती, ती तिनं बाकावर ठेवली आणि बाहेर निघून आली. एवढंच झालं.

त्या दिवशी क्लबाचा स्क्रम असा चालला, की समोरचे आठ जण भरलेल्या बैलगाडीसमोर आल्यासारखे मागं गेले. मालखाझच्या जागी खेळलेला बदली खेळाडू सामना संपल्यावर पांढराफटक होऊन बसला होता. "मी रेटलंच नाही," तो म्हणत होता. "माझ्या आतून कुणीतरी रेटत होतं." बाकीचे हसले, त्याच्या डोक्यावर बिअर ओतली. मायलिस कपडे गोळा करायला गेली. कुणी अंगात न घातलेली, छपराखाली टांगलेली मालखाझची जर्सी चिंब भिजली होती. खांद्यावर ताजा चिखल, गवताच्या काड्या. तिनं हात लावला तर कापड कोमट होतं, अंगातून आत्ताच काढल्यासारखं.

तिकडे जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, मालखाझ पहिल्या अर्ध्या तासातच कोसळला होता. कुणी न ढकलता.

तो परत आला तेव्हा कपडे त्याला सैल होत होते. कानाची पाळी फाटली होती. तिकडे त्याला स्क्रममध्ये कुणाचा धक्काही नीट लागला नव्हता. कान फाटला होता तो इथं, आपल्या मैदानावर, जिथं त्याचं त्या दिवशी काही काम नव्हतं.

"मादाम," तो दारात उभा राहून म्हणाला, "मी तिथं राष्ट्रगीताला उभा होतो आणि मला नदी दिसत होती. ही, तुमची. पाय इथंच होते माझे." मग हसायचा प्रयत्न केला. "डॉक्टर म्हणतात, व्हिटॅमिन कमी आहे."

"सूप पी," ती म्हणाली. तो वाटीवर वाकला आणि त्यानं चमचा दोन्ही हातांनी धरून उचलला. ज्या हातांनी तो माणसं उचलायचा त्या हातांनी.

पुढचं बोलावणं मार्चमध्ये, आणि पुन्हा तोच घोळ: तिकडे देशाचा सामना, इकडे क्लबाचा, हरलो तर खाली जायचं असा. मालखाझ जाणार होता. मायलिसनं त्याची जर्सी त्याच्याच बॅगेत तळाशी कोंबली आणि म्हणाली, "घेऊन जा. विचारू नकोस." मग ती लिओनेलकडे गेली.

"एकदा झालं ते पुरे. त्याच्या खुंटीला हात लावायचा नाही."

लिओनेल मूर्ख नव्हता. त्यानंही ती भिजलेली जर्सी पाहिली होती. तो तिच्याकडे न बघता बोलला, "अगं, थोडा थकेल. विश्रांती देऊ नंतर. शंभर वर्षांचा क्लब आहे मायलिस. फिर्मांचा क्लब."

"तो परत यायचा नाही या वेळी. किंवा येईल ते रिकामं पोतं येईल."

"पगार कुणाचा खातो तो?"

तिनं धुण्याच्या खोलीत जाऊन मशीनचं झाकण आपटलं.

शनिवारी लिओनेलनं तिला मुद्दाम तिकीटखिडकीवर अडकवून ठेवलं, सुट्ट्या पैशांची तक्रार काढून. ती खेळाडूंच्या खोलीशी पोचली तेव्हा संघ मैदानावर गेला होता आणि दाराला कुलूप. किल्ली तिच्याकडेही होती, हे लिओनेल विसरला. माणसं धुणेवाल्या बाईच्या किल्ल्या विसरतातच. आत कुणी नव्हतं. खुंटीवर नवी कोरी जर्सी, त्याच्या नावाची, घडीच्या खुणा अजून तशाच. जुनी त्याच्याबरोबर पाठवली, नव्यात कुणी नसतं, असं तिला वाटलं होतं. पण ही नवी जर्सी हां हां म्हणता भरत होती. बाह्या फुगल्या, पाठ रुंद झाली, गळ्यापाशी कापड श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागलं. बाहेर शिट्टी झाली.

मायलिसनं ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली. उचलेना. आत माणसाचं वजन होतं. खुंटी करकरत होती, जर्सी तसूभर हलत नव्हती. कात्री चालवावी तर कुणाच्या अंगावर चालवणार? मग तिला सुचलं ते एवढंच, की हिच्यात कुणीतरी हवंय ना? तिनं झगा वर खोचला, बाकावर चढली, खालून डोकं घातलं आणि त्या बाह्यांत आपले हात सरकवले. आतून दमट होतं, अक्रोडाचा वास होता. "हो बाहेर," ती म्हणाली. "जा तिकडे. आजी वाट बघतेय तुझी." बाजूनं काहीतरी थंड सरकून गेलं, गर्दीत कुणी चुकवून जावं तसं, आणि वजन तिच्या खांद्यावर आलं.

पुढचं तिनं कुणालाही धड सांगितलं नाही. खोलीत ती एकटीच होती, पाठ भिंतीला, आणि समोरून काहीतरी रेटत होतं, पुन्हा पुन्हा, डोकं खाली घालून. टाचा बाकावर रोवून ती सत्तरीला टेकलेली बाई उलटं रेटत होती. तिच्या बळानं जेवढं जमायचं तेवढंच जमलं. बाहेर गर्दीचा आवाज प्रत्येक वेळी खाली खाली जात राहिला.

लिओनेलनं दार उघडलं तेव्हा ती जमिनीवर बसली होती, ती जर्सी घालून, केसांत चिखल.

"हरलो," तो म्हणाला. "खाली गेलो. त्यांनी आपल्याला पाचोळ्यासारखं उडवलं." मग त्यानं तिला नीट पाहिलं. "काय केलंस तू हे?"

"बारमध्ये टीव्ही चालू आहे का?"

"मी काय विचारतोय?"

"आधी ते सांग. तो पोरगा उभा आहे का?"

लिओनेल पाठ फिरवून निघून गेला. तिनं स्वतःच उठून, भिंत धरत धरत, बारपर्यंतचं अंतर कापलं. लोक ग्लास धरून उभे होते. पडद्यावर तिबिलिसीचं मैदान, रात्रीचे दिवे, आणि मधोमध मालखाझ, घामानं निथळणारा, शेवटच्या मिनिटापर्यंत खेळलेला, कुणाच्या तरी गळ्यात पडून मोठ्यानं हसणारा. मायलिस खुर्चीवर बसली. उजवा हात वर होत नव्हता, म्हणून कुणीतरी पुढे केलेला ग्लास तिनं डाव्या हातानं घेतला.

तेवढ्यात पाहुण्या संघाचे खेळाडू आत आले, केस ओले, गाणी म्हणत. त्यांतला एक धिप्पाड, त्यांच्या डाव्या बाजूचा खांब, म्हणजे मालखाझच्या जागेसमोर नेमकं डोकं घालणारा. तो तिला कधी भेटलेला नव्हता. या गावात पहिल्यांदाच आला होता. दारातून तिच्यावर नजर पडली आणि त्याचं गाणं बंद झालं. तो गर्दीतून वाट काढत आला, तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आजी," तो हळूच म्हणाला, "मला थांबायचं होतं हो. पण मागचे सगळे रेटत होते. फार लागलं का तुम्हाला?"