पैजेच्या नादात दिलेला होकार

मी आमचं गाव, गिरीज, सोडलं त्या सकाळी बाबा केळीला पाणी लावत होते. दारात टॅक्सी उभी, आई चारदा आत-बाहेर करून दमलेली, आणि हे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून वाडीत. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "थांब, चिखल आहे. कपडे खराब होतील." मग हात झटकत एवढंच, "पोचलास की आईला कळव. ती जेवायची नाही तोवर." विमानतळावर ते आले नाहीत.

आज न्यू जर्सीत अकरा वर्षं झाली. तुम्ही जे मागे राहिलात त्यांना वाटतं, तिथे मजा आहे. आणि जे निघालात, कुणी मेलबर्नला, कुणी फक्त जवळच्याच मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये, त्यांना ठाऊक आहे की पहिली वर्षं धावपळीत सरतात. व्हिसा, भाडं, बर्फात गाडी चालवायला शिकणं. त्रास नंतर सुरू होतो, सगळं सुरळीत झाल्यावर. वाडीत हात कधी रिकामे नसत. निदान केळीची सुकी पानं तरी काढायची असत. इथे शनिवारी कपडे मशीनमध्ये टाकले की काय करायचं तेच सुचायचं नाही. मी घरभर फेऱ्या मारायचो.

अशाच एका शनिवारी ऑफिसातला मार्कोस मला बेसबॉलच्या मॅचला घेऊन गेला. मी क्रिकेटवर वाढलेला. मला निम्मं कळेना. पण इथल्या संघाचा एक खेळाडू बॅट घेऊन आला की अख्खं स्टेडियम उभं राहायचं. मार्कोसने माझ्या फोनवर पैजेचं ॲप टाकून दिलं. इथे ते कायदेशीर आहे, जाहिराती बसस्टॉपवर असतात. तो खेळाडू आज होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारणार, यावर मी एका कॉफीच्या किमतीची पैज लावली. त्याने मारला. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली. इतक्या वर्षांत या देशात मी पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने ओरडलो.

बेसबॉलचा मोसम म्हणजे उन्हाळाभर जवळजवळ रोज मॅच. मी रोज त्याच खेळाडूवर लावू लागलो. रक्कम किरकोळ, म्हणून भीती कधी वाटली नाही. फक्त डोकं ठिकाणावर राहीना. मीटिंगमध्ये फोन टेबलाखाली, सिग्नलला फोन हातात. एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली.

बाबांचा फोन यायचा माझ्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या रविवारी पहाटे. त्या दिवशीही आला. टीव्हीवर माझा खेळाडू नुकताच बॅटिंगला आला होता. बाबा सांगत होते की माणसं मिळत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत, विहिरीचं पाणी खारट लागतंय. मी "हं, हं" करत होतो.

"रस्त्याकडचा तुकडा मागतायत," ते म्हणाले. "बंगले बांधणार. देऊन टाकू का? पुढे तुलाच बघायचंय म्हणून विचारतो."

"हो, हो, चालेल," मी म्हणालो.

"नक्की ना?"

चेंडू उंच गेला होता. "हो बाबा, नक्की."

तीन महिन्यांनी आईने व्हिडिओ कॉल केला. तिच्या पाठीमागे केळी दिसायच्या तिथे निळे पत्रे दिसले. मी विचारलं, हे काय? आई गोंधळली. "अरे, तूच हो म्हणालास ना? ह्यांनी सही केली की."

मी सुट्टी टाकून घरी आलो. पत्र्यांच्या फटीतून पाहिलं तर केळी, माड सगळं काढून जमीन सपाट केलेली. बाबा उरलेल्या वाडीत पाट साफ करत होते. मी त्यांच्या शेजारी बसून सांगितलं, "बाबा, त्या दिवशी मी ऐकतच नव्हतो."

त्यांनी फावडं टेकवलं. "मग काय करत होतास?"

"मॅच बघत होतो. पैज लावलेली."

फावड्याला लागलेला चिखल त्यांनी बोटाने निपटून काढला. मग म्हणाले, "जिंकलास?"

"हो."

"बरं." पुन्हा फावडं उचलून म्हणाले, "मला वाटलेलं, तू नको म्हणशील. म्हणूनच दोनदा विचारलं."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

ॲप मी विमानातच काढून टाकलं होतं. अस्वस्थपणा गेला नाही. शनिवारी अजून हात फोनकडे जातो, आणि आता मीच गिरीजला फोन लावतो. पण बाबा आता मला काही विचारत नाहीत. सगळं झाल्यावर सांगतात. पंप बदलला. कुंपणाला तार मारली. सरळ, नेहमीच्या सुरात, कुठे टोचून बोलणं नाही.

पूर्वी घर म्हणजे मला जागा वाटायची. आता वाटतं, आपल्या हो-नाहीसाठी जिथे कुणीतरी थांबतं, ते घर. ते थांबणं मी त्या संध्याकाळी गमावलं. परवा बाबा म्हणाले, राजेळी केळीची नवी रोपं लावली. मी विचारलं, किती? कोणत्या बाजूला? पाणी पुरेल का? टीव्ही बंद होता. बाबा एकेक करून सांगत गेले, आणि मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिलो.