वाढलेलं बोलणं

कोळवणच्या त्या दवाखान्यात डॉक्टर बदलले, लीलाबाई काही बदलली नाही. केस पेपर काढायचे, लेकरांचं वजन करायचं आणि रांगेत घुसणाऱ्याची, मग तो फार्महाऊसवाला का असेना, बिनपाण्यानं करायची, हे ती एकोणीस वर्षं करत होती. शिक्षण आठवीपर्यंत, पण डॉक्टरांचं चुकलं तरी तोंडावर सांगणारी.

नवे डॉक्टर निषाद पुण्याहून यायचे. माणूस भला. लहान मूल नुसत्या खोकल्यासाठी आलं तरी त्याच्या वाढीचे प्रश्न विचारून फॉर्म भरायचाच, हा नियम त्यांचाच.

त्या दिवशी धनगराची तुकाबाई दोन वर्षांच्या नातवाला, सिद्धूला घेऊन आली. कान वाहत होता. दुसऱ्या दिवशी मेंढरं ताम्हिणी घाट उतरून कोकणात निघणार होती. मग सहा-सात महिने दवाखाना नाही.

"बोलतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आदी आई, पानी समदं म्हनायचा. उनाळ्यात लई ताप आला, तवापासून बोलनं वाढलंय."

"छान." डॉक्टरांनी 'हो'वर खूण केली, थेंब लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दारातल्या लीलाबाईला 'वाढलंय' हा शब्द खटकला. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. डब्यातले तांदूळ संपले तरी वाढलेच. अशुभ तोंडातून काढायचं नाही, ही बायकांची रीत. नवरा गेला तेव्हा तिच्याही बांगड्या अशाच 'वाढवल्या' होत्या, आणि त्या शब्दाची तिला तेव्हापासून चीड होती.

तिनं पुढच्या पेशंटला बाहेर थांबवलं, तुकाबाईला आतच बसवलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"डॉक्टर, ह्यो फॉर्म खोटा हाय."

"लीलाबाई, बाहेर तीस जण बसलेत."

"बसू द्या. म्हातारी म्हनतीया पोराचं बोलनं बंद झालंय, आन् तुमी छान म्हनताय."

डॉक्टर चिडले. "त्या 'वाढलं' म्हणाल्या. मी बहिरा नाही."

"तुमी न्हाई. पोराचं बगा."

तिनं स्टीलचा ट्रे उचलला आणि सिद्धूच्या पाठीमागं दणकन वाजवला. डॉक्टर दचकले, तुकाबाई दचकली. सिद्धू टेबलावरच्या पेनाशी खेळत राहिला.

डॉक्टरांनी नवा फॉर्म घेतला. पुण्याला कान तपासायला उद्याच जा, म्हणाले. तुकाबाई ताडकन उठली.

"उद्या कसं जमंल? कोकनातनं आलो की बगू. पोरगं धडधाकट हाय."

लीलाबाई पुन्हा दारात आडवी उभी राहिली. "जा की. पर आदी खरं सांगून जा. माझ्या बांगड्या वाढवल्या, माझा मानूस काय परत आला न्हाई. ह्याला अजून इलाज आसंल. त्येला काय झालंय त्ये तुज्या तोंडानं बोल."

तुकाबाईनं नातवाला छातीशी घट्ट धरलं. मग जन्मात कुठल्या लेकराबद्दल जे बोलली नव्हती, ते ती डॉक्टरांकडं बघून बोलली.

"बंद झालंय. नीट लिवा. आन् सकाळची एसटी किती वाजता हाय त्ये सांगा."