दोघांचा वेळ

भोईवाड्यातल्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी आमच्या ट्रेडिंग कार्डांच्या, म्हणजे चित्रांची कार्डं जमवून दोघांत खेळायच्या खेळाच्या, स्पर्धा व्हायच्या. सामन्याला पन्नास मिनिटं. तेवढ्यात निकाल लागला नाही, तर दोघंही बाद. एकदा तिसऱ्या फेरीत माझ्यासमोर साठीच्या एक काकू येऊन बसल्या. सुती साडी, जाड चष्मा. प्रत्येक कार्ड खेळण्याआधी त्याचा कोपरा त्या अंगठ्याने हलकेच दाबत, एखाद्या मुलाला झोपवावं तसा.

मी जिंकत होतो, पण वेळ भराभर चालला होता. वीस मिनिटांनी मी पंचाला बोलावलं. तो माझाच मित्र.

"काकू मुद्दाम वेळ काढतायत."

काकू रागावल्या नाहीत. "मोज ना बाळा," त्या त्याला म्हणाल्या. "पण दोघांचाही वेळ मोज."

उरलेली तीस मिनिटं तो मोबाइल घेऊन आमच्या टेबलाशी उभा राहिला. शिट्टी वाजली तेव्हा मला जिंकायला एकच चाल हवी होती. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. काकूंची सात मिनिटं, माझी तेवीस.

"शक्यच नाही," मी म्हणालो.

"माझ्यासमोर बसणाऱ्या सगळ्यांना असंच वाटतं," काकू म्हणाल्या. "नियमात काही खोट नाही रे. माणूस समोरच्याचाच वेळ मोजतो." कार्डं पिशवीत भरून त्या निघून गेल्या. पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

जिन्यात मी मित्राला विचारलं, "मी एवढा वेळ करत काय होतो?"

"काहीच नाही. हातात कार्ड धरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचास. मी दोनदा तुला हाक मारली."

मला एकही हाक ऐकू आली नव्हती.